टीव्हीवर सूट, चार्जरवर लूट

मागच्या दिवाळीच्या आठ-दहा दिवस अगोदरची गोष्ट. सावद्यातील एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी टॉर्चचे सेल घ्यायला गेलो होतो. काउंटरच्या एका टोकाला पंख्याखाली खुर्ची टाकून एक केळी बागायतदार बसले होते. त्यांना पंचावन्न इंची टीव्ही घ्यायचा होता. दुकानाचे शेठ स्वतः त्यांच्याशी बोलत होते. बागायतदारांनी मोबाइलवर ऑनलाइनचा भाव काढून दाखवला, शेठने त्यापेक्षा पाचशे रुपये कमी केले, वर भिंतीला लावायचा स्टँड फुकट आणि समोर चहा.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला एक मावशी उभी होती. केळीच्या बागेत रोजंदारीवर जाणारी, आमच्याच वस्तीतली. हातात मुलाच्या मोबाइलचा जळालेला चार्जर. दुकानातल्या पोराने एक खोके पुढे सरकवले. ‘साडेतीनशे.’ मावशी म्हणाली, ‘काही कमी होईल का रे भाऊ?’ पोरगा म्हणाला, ‘फिक्स रेट आहे, मावशी.’ तिने पदराची गाठ सोडली, नोटा दोनदा मोजल्या आणि चार्जर घेतला. त्या दिवसाची तिची मजुरी अडीचशे रुपये होती. पावती तिने मागितली नाही, त्याने दिली नाही.

पुढच्याच आठवड्यात कामानिमित्त जळगावला गेलो असता गोलाणी मार्केटमध्ये त्याच कंपनीच्या, तसल्याच खोक्यातल्या चार्जरचा भाव विचारला. एकशे ऐंशी. तोही एका नगाचा, घासाघीस न करता. सावद्यात आणायला गाडीभाडे लागते हे मान्य. पण एका चार्जरला एकशे सत्तर रुपये गाडीभाडे लागत नाही.

वाचकहो, बागायतदारांना जी सूट मिळाली ती कोणी दिली? शेठने दिली असे बागायतदार समजतात, शेठही तसेच समजतात. वास्तविक पाहता त्या सुटीतला काही हिस्सा काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या त्या मावशीने दिला होता. तिला याचा पत्ताही नाही.

हे गणित एकदा समजून घेतले पाहिजे. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन अशा मोठ्या वस्तूंवर गावातल्या विक्रेत्याला सुटणारा नफा आता फारच थोडा राहिला आहे. कारण सगळ्यांना भाव माहीत आहे. खिशातल्या मोबाइलवर दोन मिनिटांत दहा ठिकाणचा भाव दिसतो. त्यामुळे दुकानदार टीव्ही जवळजवळ खरेदीच्या भावात देतो. मग भाडे, लाईट बिल आणि पोराचा पगार कोठून काढायचा? तो निघतो केबलमधून, चार्जरमधून, इअरफोनमधून, रिमोटच्या सेलमधून, एक्स्टेंशन बोर्डातून. उदाहरणादाखल धरा की तीस हजारांच्या टीव्हीवर शेकडा चार टक्के सुटले, तर ते झाले बाराशे रुपये. साठ रुपयांना आणलेली केबल दोनशे दहाला विकली तर एका केबलमागे दीडशे. आठ केबल विकल्या की एक टीव्ही विकल्यासारखे झाले. शिवाय टीव्ही पोचवायला टेम्पो लागतो, बसवायला माणूस लागतो, बिघडला तर ग्राहक दारात येऊन उभा राहतो. केबलवाला परत येत नाही. दुकानदाराला हे गणित फार गोड वाटते. केबलवाला परत येत नाही याचा दुसरा अर्थ मात्र त्याच्या लक्षात येत नाही.

आता ही मोठी वस्तू कोण घेतो आणि छोटी कोण घेतो, हे पाहा. बागायतदार, नोकरदार, व्यापारी हे टीव्ही घेतात आणि सेलही घेतात. हातावर पोट असणारा मजूर टीव्ही आयुष्यात एखाद-दोन वेळा घेतो, पण चार्जर, बल्ब, सेल, होल्डर आणि वायर हे त्याला वर्षभर लागते. खान्देशात शेतीपंपाची वीज रात्रीची आली की बागेत पाणी द्यायला सालदारालाच जावे लागते. त्याच्या हातात टॉर्च लागते, टॉर्चला सेल लागतात. वस्तीतली वायरिंग जुनी, व्होल्टेज खालीवर होणारे, म्हणून चार्जर आणि बल्ब त्याच्याच घरी जास्त जळतात. म्हणजे ज्या मालावर दुकानदार सर्वांत जास्त नफा चढवतो, त्याच मालाचा नेहमीचा गिऱ्हाईक गरीब माणूस आहे. एकाला सूट आणि दुसऱ्याकडून वसुली, ही सगळी व्यवस्था एकाच गल्ल्याभोवती चालते.

बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लिहिला आणि पुढे भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे आपले निवेदन मांडले. रुपया स्वस्त केला तर देशाचा फायदा होईल, असे त्या वेळी व्यापारी वर्ग म्हणत होता. बाबासाहेबांनी त्याला अडवले. हा देशाचा फायदा नसून एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढलेला फायदा आहे, असा त्यांचा रोख होता. भाव आधी वाढतात, मजुरी मागून हळूहळू सरकते आणि मधला तोटा मजूर सोसतो. विषय चलनाचा होता, चार्जरचा नव्हता. पण फायदा झाला म्हटले की तो कोणाच्या खिशातून आला हे विचारायची जी सवय त्यांनी आपल्याला लावली, ती सावद्याच्या काउंटरवरही उपयोगी पडते.

तर त्या मावशीचे पुढे काय झाले? आठवडे बाजारात तिच्या बहिणीने तसाच दिसणारा चार्जर एकशे वीसला घेतला होता. दोघींनी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मावशीला काय वाटले हे सांगायला नको. ती शेठशी भांडायला गेली नाही. गरीब माणूस भांडायला जात नाही, तो फक्त जायचे बंद करतो. डिसेंबरात तिच्या मुलीच्या लग्नासाठी फ्रिज घ्यायचा ठरला. पुतण्याने मोबाइलवरून मागवला, टेम्पो थेट वस्तीत आला. मी विचारले, ‘गावातल्या दुकानात पाहिला नाही का?’ ती म्हणाली, ‘काबरं जायचं तिथं? तो चार्जरला दीडशे ठोकतो, फ्रिजला किती ठोकत असेल!’

या एका वाक्यात सगळा धंदा आला. मावशी चुकली होती. फ्रिजला शेठने काहीच ‘ठोकले’ नसते, उलट कदाचित ऑनलाइनपेक्षा स्वस्त दिला असता. पण फ्रिजचा खरा भाव तिला कोठून माहीत असणार? सेलचा, बल्बचा, चार्जरचा भाव मात्र तिला पक्का माहीत आहे, कारण ते ती नेहमी घेते. जो भाव माणसाला माहीत असतो त्यावरूनच तो न माहीत असलेल्या भावाचा अंदाज बांधतो. मिठाचा भाव पाहून किराणा दुकान पारखावे, तसेच हे. पवईला २००२ साली पहिले डी-मार्ट निघाले, तेव्हापासून त्यांनी हीच गोष्ट धरून ठेवली. साखर, तेल, साबण स्वस्त ठेवायचे. त्यासाठी आलेली बाई जाताना कुकर आणि चादरी घेऊन जाते. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी नेमके उलटे केले. टीव्ही स्वस्त ठेवला, जो माणूस दहा वर्षांतून एकदा घेतो. सेल महाग ठेवला, जो तो दर दोन महिन्यांनी घेतो. म्हणजे दर दोन महिन्यांनी ते गिऱ्हाइकाला आठवण करून देतात की, बाबा, आम्ही महाग आहोत.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत ‘रेडिओशॅक’ नावाची दुकानांची मोठी साखळी होती. १९२१ साली बोस्टनला सुरू झालेली. रेडिओ दुरुस्त करणारे, घरी वायरी जोडून काहीतरी बनवणारे लोक तिथे जात. १९७७ मध्ये त्यांनी स्वतःचा घरगुती संगणकसुद्धा बाजारात आणला होता. एके काळी हेच दुकान ग्राहकाला कार्ड देऊन महिन्याला एक सेल फुकट देत असे! फुकट सेल घ्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही, हे त्यांना कळले होते. पुढे ही साखळी केबल, अडॅप्टर आणि सेल यांच्यावरील जाड नफ्यावर आणि मोबाइलच्या विक्रीवर विसंबू लागली. साधी केबल इतकी महाग का, ही ग्राहकांची नेहमीची तक्रार झाली. साधा सेल घेतला तरी काउंटरवर नाव, पत्ता, फोन नंबर विचारत. तो प्रकार २००२ मध्ये बंद करावा लागला. ५ फेब्रुवारी २०१५ रोजी या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिची चार हजारांहून अधिक दुकाने होती. केवळ महाग केबलने ती बुडाली असे मी म्हणणार नाही. ऑनलाइन विक्री आली, मोबाइलचा धंदा फसला, कर्ज वाढले. परंतु संकटाच्या वेळी ज्या छोट्या मालाच्या गिऱ्हाइकाने तिला सावरायचे, तो अगोदरच नाराज होऊन निघून गेला होता.

तिथलीच दुसरी साखळी ‘सर्किट सिटी’. तिने मार्च २००७ मध्ये पगार जास्त आहे म्हणून ३,४०० अनुभवी विक्री कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. माल समजावून सांगणारा माणूसच गेला, मग गिऱ्हाइकाने दुकानात यायचे कशाला? नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरी आणि मार्च २००९ मध्ये शेवटचे कुलूप. तिसरी साखळी ‘बेस्ट बाय’ मात्र टिकली. तिच्या दुकानातही लोक टीव्ही पाहायचे आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायचे. तिने २०१३ पासून जाहीर केले की मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याचा भाव दाखवा, त्याच भावाने आम्ही देऊ. आपल्या शेठने बागायतदारासाठी केले तेच, पण तिथे ते पाटी लावून सर्वांसाठी होते.

टीव्हीला सेट टॉप बॉक्स जोडायच्या एचडीएमआय केबलचीही अशीच एक गंमत आहे. ही केबल ‘सोन्याचा मुलामा’, ‘जास्त स्वच्छ चित्र’ असे सांगून चढ्या भावाने गळ्यात मारली जाते. या केबलमधून डिजिटल संदेश जातो. चार-सहा फुटांच्या अंतरात एकतर चित्र येते किंवा अडखळते, तुटते. दोनशेच्या केबलने येणारे चित्र दोन हजारांच्या केबलने अधिक रंगीत होत नाही. पण टीव्ही घेताना खूश झालेला माणूस शेवटच्या क्षणी हो म्हणून जातो आणि तीन महिन्यांनी शेजाऱ्याकडून खरा भाव ऐकतो.

आपल्याकडे एलईडी बल्बच्या बाबतीत जे घडले ते अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची ‘उजाला’ योजना सुरू झाली. दुकानात तेव्हा एलईडी बल्बला तीनशे-चारशे रुपये पडत. महावितरणच्या कार्यालयाबाहेर टेबल टाकून तो शंभर रुपयांच्या आसपास मिळू लागला, पुढे सत्तरपर्यंत उतरला. लोकांनी रांगा लावल्या. ज्या सरकारी कंपनीमार्फत ही खरेदी झाली तिला एक बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडत होता, २०१६ पर्यंत तो ३८ रुपयांवर आला. एवढी मोठी ठोक खरेदी सावद्याचा दुकानदार करू शकत नाही, हे उघड आहे आणि त्या काळात त्याच्याकडे जुना महाग माल पडून होता हेही खरे. पण बाहेर भाव कोसळत असताना काही दुकाने महिनोन्‌महिने जुन्याच भावाला चिकटून बसली. त्या काळात लोकांच्या मनात जे बसले, ते बल्ब स्वस्त झाल्यावरही गेले नाही.

आता छापील किमतीचा विषय. ‘एमआरपीपेक्षा कमीच घेतले ना?’ असे दुकानदार हमखास म्हणतो. चार्जरच्या खोक्यावर ९९९ छापलेले, आपण साडेतीनशेला दिला, म्हणजे उपकारच केले! वाचकहो, वेष्टनावर किंमत छापण्याचे नियम १९७७ साली आले. पूर्वी ‘स्थानिक कर वेगळे’ अशी ओळ असायची आणि त्या ओळीच्या आडून वाट्टेल ते घेतले जायचे, म्हणून पुढे ‘सर्व करांसहित’ किंमत सक्तीची झाली. १ एप्रिल २०११ पासून वैधमापन कायदा, २००९ लागू आहे. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे गुन्हा आहे. पण छापील किंमत किती असावी यावर या कायद्याचे बंधन नाही. ती उत्पादक किंवा आयातदार ठरवतो. साठ रुपयांच्या मालावर ९९९ छापले तरी ते कायद्यात बसते. जी किंमत ग्राहकाच्या संरक्षणासाठी आणली, तीच आता त्याला भुलवायला वापरली जाते.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. रोज नवतीचा, पिलबागचा, कांदेबागचा भाव जाहीर होतो. बोर्डावरचा भाव एक आणि व्यापारी बागेत येऊन कापणीच्या वेळी देतो तो भाव दुसरा. त्यावर किती आंदोलने, किती निवेदने झाली! बोर्डभावाप्रमाणे खरेदी करा म्हणून शेतकरी ओरडतो आणि ते रास्तच आहे. तिथे जाहीर भाव वर आणि प्रत्यक्ष भाव खाली, यात उत्पादक लुटला जातो. इथेही छापील भाव वर आणि प्रत्यक्ष भाव खालीच असतो. पण हा ‘खालचा’ भावसुद्धा माणसाचे कपडे पाहून ठरतो आणि त्यात ग्राहक लुटला जातो.

कायद्याचा आधार किती घ्यायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण तो माहीत तरी हवा. चंदीगडमध्ये एका ग्राहकाकडून बाटाच्या दुकानाने कागदी पिशवीचे तीन रुपये घेतले. तो ग्राहक मंचात गेला. एप्रिल २०१९ मध्ये मंचाने कंपनीला एकूण नऊ हजार रुपये भरायला लावले. तीन रुपयांसाठी कोण एवढे करतो, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. उलट बाजूही आहे. हॉटेलात बसून पिण्याच्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला, कारण तिथे जागेची आणि सेवेची किंमत धरली गेली. दुकानाच्या काउंटरला तो लागू नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण या सगळ्याला पहिली अट म्हणजे पावती. मावशीकडे ती नव्हती.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर लेख एकतर्फी होईल. मी त्या शेठशी नंतर निवांत बोललो. त्यांनीही मन मोकळे केले. लोक येतात, टीव्ही चालू करून पाहतात, पॅनेल कोणते विचारतात, फोटो काढतात आणि जातात. चार दिवसांनी तोच टीव्ही ऑनलाइन येतो आणि तो भिंतीला कसा लावायचा हे विचारायला पुन्हा इथेच येतात. मोठ्या कंपन्या शहरातल्या साखळी दुकानांना वेगळा भाव देतात, गावातल्याला वेगळा. ‘आम्ही गल्ल्यावर बसून माशा मारायच्या का?’ असे ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात खोटे काही नाही. करसवलतही मोठ्या मालालाच मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरील टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, चार्जरवर मात्र अगोदरही अठरा आणि आताही अठराच. हप्त्यांचेही तसेच. ‘शून्य टक्के व्याज’ असे काही नसते, ते व्याज दुसऱ्या कोणत्या तरी नावाने घेतलेलेच असते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितले होते. तरी त्या योजनांच्या पाट्या लागतात. पगारपत्रक किंवा बँकेतला व्यवहार नसलेल्या मजुराला त्या योजनेत घेत नाहीत आणि रोख देतो म्हणून त्याला वेगळी सूटही मिळत नाही.

पण शेठना मी एवढेच विचारले की, ऑनलाइनवाल्याला जे जमत नाही असे तुमच्याकडे काय आहे? रात्री आठ वाजता चार्जर जळाला आणि मुलाचा सकाळी परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे, तर त्याला दोन दिवसांनी येणारे पार्सल चालत नाही. त्या वेळी तुमचे दुकानच लागते. सेल, फ्यूज, होल्डर, रिमोट हे तातडीचे सामान हीच तुमची खरी ताकद आहे. आणि तुम्ही नेमकी तीच वेळ गाठून अडल्या-नडल्याकडून जास्त घेता. ज्या दोरीने गिऱ्हाईक तुमच्याशी बांधलेले आहे तीच तुम्ही कापत आहात. शेठ थोडे गप्प झाले. मग म्हणाले, ‘सेलवर सोडले तर भाडे कोठून देऊ?’ याचे उत्तर माझ्याकडेही लगेच नव्हते. दुरुस्तीचे, बसवण्याचे, घरी येऊन पाहण्याचे पैसे उघडपणे घ्या, पाटी लावा, लोक देतील, असे मी म्हणालो. कष्टाचे पैसे द्यायला आपला माणूस नाही म्हणत नाही. त्यांना ते फारसे पटलेले दिसले नाही.

या महागाईचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो पैशापेक्षा गंभीर आहे. दुकानातला चार्जर परवडत नाही म्हणून माणूस बाजारातल्या पथारीवरचा घेतो. मोबाइलच्या चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. पथारीवरच्या कित्येक चार्जरांवर तो नसतो, नाहीतर खोटा छापलेला असतो. मावशीच्या बहिणीचा एकशे वीसचा चार्जर महिनाभरात इतका तापू लागला की खालची गोधडी काळी पडली. झोपडीवजा घरात, उशाशी मोबाइल लावून झोपणाऱ्या पोरांच्या घरात, ही बचत कशी म्हणायची? चांगला माल विकणारा दुकानदार भाव चढवतो तेव्हा तो गिऱ्हाइकाला नुसता दुसऱ्या दुकानात पाठवत नाही, नकली मालाकडे ढकलतो.

आता थोडे आपल्याबद्दल. चौदा एप्रिल जवळ आली की वस्तीवस्तीत लायटिंगच्या माळा, वायरचे बंडल, होल्डर, माइक, अॅम्प्लिफायर यांची खरेदी निघते. मंडळाचे पैसे वर्गणीचे असतात, दहा-वीस रुपयांनी जमवलेले. एका वर्षी आमच्या मंडळाने सगळे सामान घाईने एकाच दुकानातून उचलले. नंतर हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की वायरच्या बंडलात आणि माळांत जे जास्त गेले, त्यात पोरांसाठी वह्या आल्या असत्या. त्यानंतर मंडळ महिनाभर अगोदर भुसावळला जाते, तीन दुकानांचे भाव लिहून घेते आणि पक्की पावती आणते. सावद्यातले ते दुकान आमच्या रस्त्यात आजही लागते, पण तिथे कोणी थांबत नाही.

याच दिवसांत आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने मोबाइल दुरुस्ती आणि सुट्या सामानाचे छोटे दुकान टाकले. आयटीआय झालेला, हाताला कला असलेला मुलगा. पहिले सहा महिने त्यानेही तेच केले जे सगळे करतात. स्क्रीनगार्ड तीस रुपयांना आणायचे, दीडशेला लावायचे. आपल्या माणसाचे दुकान म्हणून लोक गेले, आणि आपल्याच माणसाने घेतले म्हणून जास्त दुखावले. जयंतीच्या सभेत एकाने तोंडावर बोलून दाखवले. मुलगा खजील झाला. मी त्याला दोष कसा देऊ? भांडवल हातउसने, घाऊक व्यापारी रोखीशिवाय माल देत नाही, आणि वस्तीतली उधारी वसूल होत नाही. ज्याच्याकडे उधारी बुडते तो रोख देणाऱ्याकडून ती काढतो. म्हणजे तिथेही एकाचे ओझे दुसऱ्यावरच. समाजबांधवांनी आपल्या माणसाच्या दुकानात उधारी ठेवायची आणि वर तो महाग आहे म्हणून गावभर सांगायचे, हेही काही बरोबर नाही.

यंदा त्याने वेगळे केले. काउंटरच्या काचेवर एक कागद चिकटवला आहे. सेल, केबल, चार्जर, स्क्रीनगार्ड यांचे भाव पेनाने लिहिलेले, आणि त्याखाली दुरुस्तीची मजुरी वेगळी. भाव सगळ्यांना एकच. उधारी बंद. चार्जर तो दोनशे वीसला देतो, नोंदणी क्रमांक दाखवून, पावतीवर तारीख टाकून, सहा महिन्यांत जळला तर बदलून. बाजारातल्या पथारीपेक्षा ते शंभर रुपयांनी महागच आहे. परवा मी गेलो तेव्हा ती मावशी तिथे उभी होती, बहिणीला घेऊन. बहिणीने कागदावरचा भाव पोराकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, ‘वीस तरी कमी कर.’ तो म्हणाला, ‘आक्का, तुला केले तर त्या कागदावर खोडावे लागेल.’ ती बराच वेळ कागदाकडे पाहत उभी राहिली.